आमदार-खासदाराची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक नक्की कधी लागते? सहा महिन्यांचा नियम आणि प्रत्यक्षातला घोळ

पेठकर

मुक्ता टिळक यांचं २२ डिसेंबर २०२२ ला निधन झालं, २६ फेब्रुवारी २०२३ ला कसबा पेठेत मतदान झालं आणि २ मार्चला निकालही लागला. दोन महिने आणि वर थोडे दिवस, एवढ्यात सगळं आटोपलं. त्याच शहरात २९ मार्च २०२३ ला गिरीश बापट गेले, आणि पुणे लोकसभेची जागा थेट २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली. अकोला पश्चिममध्ये याच्या उलट झालं. तिथे आयोगाने पोटनिवडणूक जाहीर केली आणि उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

प्रत्येक वेळी बातमीत "सहा महिन्यांच्या आत घेणं बंधनकारक" असं एक वाक्य असतं. मग तीन ठिकाणी तीन तऱ्हा कशा? माझे प्रश्न असे: हे सहा महिने खरोखर बंधनकारक आहेत का? "एक वर्षापेक्षा कमी मुदत उरली असेल तर नाही" म्हणतात, ते वर्ष कुठून मोजायचं? राजीनाम्याच्या बाबतीत दिलेली तारीख धरायची की मंजूर झालेली? आणि ग्रामपंचायतीला हेच नियम आहेत का? तिथे सदस्याने राजीनामा दिला आणि सरपंचाने तो खिशातच ठेवला तर पुढे काय?

कोण कोणाच्या फायद्यासाठी काय करतं ही चर्चा दुसऱ्या धाग्यांवर भरपूर झाली आहे. इथे फक्त कायदा आणि प्रक्रिया सांगा.

---

कलमबहाद्दर

तिन्ही ठिकाणी कायदा एकच आहे: लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधलं कलम १५१-अ. हे मूळ कायद्यात नव्हतं, १९९६ च्या दुरुस्तीने आलं. त्याआधी पोटनिवडणुकीला कालमर्यादाच नव्हती, आयोगाला जमेल तेव्हा व्हायची. आता जागा रिकामी झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत घ्यावीच लागते. लोकसभा, राज्यसभा, विधानसभा, विधान परिषद या चारही सभागृहांना ते लागू आहे.

पळवाटा दोनच. एक, त्या जागेची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असली तर. दोन, सहा महिन्यांत निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर. या दुसऱ्या पळवाटेची फार कमी लोकांना माहिती असते, आणि पुण्याचं सगळं प्रकरण तिच्यावरच अडलं.

पुण्याचा हिशोब मांडून बघा. जागा रिकामी झाली २९ मार्च २०२३ ला. १७व्या लोकसभेची मुदत होती १६ जून २०२४ पर्यंत. म्हणजे उरले होते एक वर्ष, दोन महिने आणि अठरा दिवस. पहिली पळवाट बंद. मग आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणपत्र काढलं. त्यात कारणं दोन: एक, यंत्रणा इतर निवडणुकांच्या आणि २०२४ च्या लोकसभेच्या तयारीत गुंतली आहे, दोन, आता निवडणूक घेतली तरी निवडून येणाऱ्याला तीन-चार महिनेच मिळतील. मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ ला हे प्रमाणपत्र रद्द केलं आणि पोटनिवडणूक ताबडतोब घ्या असा आदेश दिला. पुण्यानंतर रिकाम्या झालेल्या जागांवर देशात अन्यत्र मतदान होऊनही गेलं होतं, हे तिथे आयोगाला चांगलंच नडलं. उदाहरणच हवं तर केरळमधली पुदुपल्ली विधानसभेची जागा १८ जुलै २०२३ ला ओमन चंडी यांच्या निधनाने रिकामी झाली आणि ५ सप्टेंबरला तिथे मतदान झालं. पुण्यानंतर रिकामी झालेली जागा सात आठवड्यांत भरली गेली.

पुढे आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, ८ जानेवारी २०२४ ला उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती मिळाली, आणि थोड्याच दिवसांत सार्वत्रिक निवडणूकच आली. पुण्याने १३ मे २०२४ ला नव्या लोकसभेसाठीच मतदान केलं.

चंद्रपूरची जागाही याच काळात रिकामी होती. बाळू धानोरकर यांचं ३० मे २०२३ ला निधन झालं. तिथे उरलेली मुदत एक वर्ष आणि सतरा दिवस. चंद्रपूरची चर्चा पुण्याच्या पाव हिश्शानेही झाली नाही.

माझं मत विचाराल तर "निवडून येणाऱ्याला थोडेच महिने मिळतील" हे कारण प्रमाणपत्रात यायलाच नको होतं. आधी पाच महिने काही करायचं नाही आणि मग वेळ उरला नाही म्हणायचं, हे कायद्यात कुठेच बसत नाही. किती मुदत उरली तर निवडणूक नको हे संसदेने पहिल्या पळवाटेत आकडा देऊन ठरवलं आहे. तोच मुद्दा दुसऱ्या दाराने आत आणता येत नाही.

---

वऱ्हाडी ठेचा

पुण्यापुरतं +१. पण एक वर्ष कुठून मोजायचं हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, आणि त्याचा निकाल आमच्या विदर्भातल्या प्रकरणांनीच लावला आहे.

आधी अकोला पश्चिम. गोवर्धन शर्मा यांचं निधन ३ नोव्हेंबर २०२३ ला. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४. जागा रिकामी झाल्यापासून मोजलं तर एक वर्ष आणि तेवीस दिवस उरतात, म्हणजे निवडणूक घ्यायलाच हवी. आयोगानेही तसंच धरलं आणि लोकसभेसोबत २६ एप्रिल २०२४ ला मतदान जाहीर केलं. पण लोकसभेबरोबर घेतल्यामुळे निकाल ४ जूनला लागणार. ४ जून ते २६ नोव्हेंबर म्हणजे सहा महिनेसुद्धा नाहीत. नागपूर खंडपीठाने निवडून येणाऱ्याला प्रत्यक्ष मिळणारी मुदत धरली आणि अधिसूचना निघायच्या दोन दिवस आधी, २६ मार्चला, पोटनिवडणूक रद्द केली.

याला आधार होता काटोलचा. आशिष देशमुख यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये आमदारकीचा राजीनामा दिला. आयोगाने ११ एप्रिल २०१९ ला, लोकसभेच्या पहिल्या टप्प्यासोबत, काटोलची पोटनिवडणूक लावली. निकाल २३ मे २०१९ ला येणार होता आणि विधानसभेची मुदत नोव्हेंबर २०१९ ला संपत होती. तीही नागपूर खंडपीठाने रोखली.

आणि भंडारा-गोंदिया बघा, तिथे काठावर जमलं. नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकी सोडली. २८ मे २०१८ ला मतदान, ३१ मे ला निकाल. १६व्या लोकसभेची मुदत ३ जून २०१९ पर्यंत. निकालापासून मोजलं तरी एक वर्ष आणि तीन दिवस! आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर तिथेही हाच वाद उभा राहिला असता. एवढ्यासाठी खर्च कशाला, अशी याचिका त्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेली होती, ती फेटाळली गेली.

म्हणजे आपल्याकडे, निदान नागपूर खंडपीठाच्या हद्दीत, व्यवहारात दोन तारखा बघाव्या लागतात. सहा महिन्यांचं घड्याळ सुरू होतं जागा रिकामी होण्याच्या तारखेला. एक वर्षाचा हिशोब मात्र निकालाच्या तारखेपासून. पेठकर, तुमच्या तीन तऱ्हांचं कोडं बरंचसं इथेच सुटतं.

यातून एक विचित्र पट्टा तयार होतो. सभागृहाची मुदत संपायला साधारण बारा ते अठरा महिने उरले असताना जागा रिकामी झाली, तर आयोग जितका उशीर करेल तितकी निवडणूक टळण्याची शक्यता वाढते. सहा महिन्यांच्या आत राहूनसुद्धा! पुणे, चंद्रपूर, अकोला पश्चिम, काटोल हे सगळे या पट्ट्यातले आहेत. सभागृहाच्या पहिल्या तीन वर्षांत रिकाम्या झालेल्या जागांबद्दल असा वाद सहसा ऐकू येत नाही. पंढरपूर-मंगळवेढा (१७ एप्रिल २०२१), कोल्हापूर उत्तर (१२ एप्रिल २०२२), अंधेरी पूर्व (३ नोव्हेंबर २०२२), सगळ्या वेळेत झाल्या.

---

सभागृह पास

तारखेचा विषय निघालाच आहे तर जागा "रिकामी झाली" म्हणजे नेमकी कधी, हे आधी साफ करू. प्रत्येक कारणाची तारीख वेगळी असते आणि लोक तिथेच चुकतात.

निधनात वाद नाही, मृत्यूची तारीख हीच जागा रिकामी झाल्याची तारीख.

राजीनाम्यात आमदार-खासदाराने अध्यक्षांकडे (परिषद असेल तर सभापतींकडे) आपल्या सहीने लेखी दिला पाहिजे, आणि तो मंजूर झाल्यावरच जागा रिकामी होते. पत्रकार परिषदेत फडकावलेला किंवा पक्षाध्यक्षांकडे सोपवलेला कागद हा राजीनामाच नव्हे. १९७४ च्या ३३व्या घटनादुरुस्तीपासून, राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा नाही असं अध्यक्षांना वाटलं तर ते तो नाकारू शकतात. त्यामुळे सहा महिने मंजुरीच्या तारखेपासून.

शिक्षेमुळे अपात्रता आली तर दोषी ठरल्याची तारीख. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की कलम ८(३) लागतं. तीन महिन्यांत अपील केलं की त्याचा निकाल लागेपर्यंत खुर्ची टिकायची, ती सोय सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालात काढून टाकली. विधिमंडळ किंवा लोकसभा सचिवालयाची अधिसूचना ही त्यानंतरची नोंद असते. सावनेरचे सुनील केदार यांना नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात २२ डिसेंबर २०२३ ला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. विधानसभेची मुदत उरली होती अकरा महिने आणि चार दिवस. कुठूनही मोजा, वर्षाच्या आतच. म्हणून तिथे पोटनिवडणुकीचा प्रश्नच आला नाही.

शिक्षेच्या प्रकरणात आयोगाने घाई केली की हात पोळतात. लक्षद्वीपचे खासदार मोहम्मद फैझल ११ जानेवारी २०२३ ला दोषी ठरले. आयोगाने आठवड्याभरात पोटनिवडणूक जाहीर केली, २७ फेब्रुवारीला मतदान. २५ जानेवारीला केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धीच स्थगित केली आणि आयोगाला निवडणूक थांबवावी लागली. पुढे मार्च २०२३ मध्ये राहुल गांधी यांची खासदारकी गेली तेव्हा आयोगाने वायनाडची घाई केली नाही. अपिलाला वेळ दिलेला आहे, आपल्याकडे सहा महिने आहेत, अशी भूमिका घेतली. ऑगस्टमध्ये स्थगिती मिळाली आणि जागा रिकामी उरलीच नाही. इथे सबुरी बरोबर होती. पुण्यातली सबुरी आणि ही सबुरी एका मापाने मोजू नये.

दोन सभागृहांत एकाच वेळी निवडून आल्यावरचे नियम तर अजून गंमतीचे. आमदार खासदार झाला तर १९५० च्या नियमांप्रमाणे राजपत्रात नाव प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत आमदारकी सोडायची. नाही सोडली तर कोणती जागा जाते? बहुतेकांना वाटतं आमदारकी. प्रत्यक्षात खासदारकी जाते. जून २०२४ मध्ये वर्षा गायकवाड, प्रणिती शिंदे, संदिपान भुमरे, रवींद्र वायकर वगैरे आमदार लोकसभेवर गेले. त्यांच्या विधानसभेच्या जागा नोव्हेंबरपर्यंत रिकाम्याच राहिल्या, कारण एक वर्षाची अट.

राज्यसभेचा विद्यमान सदस्य लोकसभेवर निवडून आला तर मात्र राजीनाम्याचीही गरज नाही. कलम ६९ प्रमाणे निवडून आल्याच्या दिवशी राज्यसभेची जागा आपोआप रिकामी होते. पीयूष गोयल आणि उदयनराजे भोसले यांच्या जागा ४ जून २०२४ ला अशाच गेल्या.

एकाच सभागृहाच्या दोन मतदारसंघांतून निवडून आलेल्याने (१९९६ पासून कमाल दोनच) ठरल्या मुदतीत एक सोडली नाही, तर दोन्ही जातात.

गैरहजेरीमुळेही जागा जाऊ शकते: परवानगीशिवाय सलग साठ दिवस. पण ती आपोआप जात नाही, सभागृहाने तसं जाहीर करावं लागतं. शिवाय अधिवेशन संस्थगित असतानाचे किंवा सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबीचे दिवस त्यात धरत नाहीत. हे दिवस वजा केले की साठ भरणं किती अवघड, ते आपल्या अधिवेशनांच्या लांबीवरून कळेलच.

---

पेठकर

वा, हे फार उपयोगी. दोन उपप्रश्न. गोयल आणि उदयनराजे यांच्या दोन्ही जागा एकाच दिवशी रिकाम्या झाल्या, मग निवडणूक एकत्र की वेगळी? आणि राज्यपालनियुक्त आमदारांना सहा महिन्यांचा नियम लागतो का? त्या बारा जागा किती वर्षं पडून होत्या!

---

सभागृह पास

वेगवेगळी. राज्यसभेच्या जागांची उरलेली मुदत वेगळी असली की प्रत्येकीची पोटनिवडणूक स्वतंत्र धरतात. गोयल यांची मुदत जुलै २०२८ पर्यंत होती, उदयनराजे यांची एप्रिल २०२६ पर्यंत. मतदानाचा दिवस एकच, ३ सप्टेंबर २०२४, पण निवडणुका दोन. धैर्यशील पाटील आणि नितीन पाटील बिनविरोध आले.

याचा राजकीय परिणाम मोठा असतो. दोन जागा एकाच मतपत्रिकेवर असत्या तर एका जागेसाठी एकूण मतांच्या एक तृतीयांशाहून जास्त मतं पुरतात, म्हणजे विरोधकांनाही एक जागा मिळू शकते. स्वतंत्र निवडणुकीत प्रत्येक जागेला निम्म्याहून जास्त मतं लागतात, दोन्ही जागा बहुमतवाल्यांकडे. २०१९ मध्ये गुजरातमध्ये अमित शहा आणि स्मृती इराणी यांच्या जागांवरून हाच वाद झाला होता.

पोटनिवडणुकीत आलेल्याला नवी सहा वर्षं मिळत नाहीत, आधीच्या सदस्याची उरलेली मुदतच मिळते. राजीव सातव यांच्या निधनानंतर २०२१ मध्ये रजनी पाटील बिनविरोध आल्या, त्याही उरलेल्या मुदतीपुरत्याच.

राज्यपालनियुक्त जागांना १५१-अ लागत नाही, कारण तिथे निवडणूकच नाही. नेमणुकीला कालमर्यादाही कुठे लिहिलेली नाही. त्या बारा जागा जून २०२० पासून रिकाम्या होत्या. १५ ऑक्टोबर २०२४ ला त्यातल्या सात भरल्या.

परिषदेचा आणखी एक अडलेला प्रकार म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांचे मतदारसंघ. तिथे मतदार म्हणजे नगरसेवक आणि जिल्हा परिषदेचे सदस्य. मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था कार्यरत असल्या आणि किमान ७५ टक्के मतदार उपलब्ध असले तरच आयोग निवडणूक घेतो. २०२२ पासून महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, म्हणजे मतदारच उरले नव्हते. मग आमदार कोण निवडणार होतं? एक निवडणूक लांबली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरीही लांबते.

---

तहसील टेबल नं. ४

ग्रामपंचायतीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. इथे १५१-अ नाही, भारत निवडणूक आयोगही नाही. कायदा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, आणि निवडणूक घेणार राज्य निवडणूक आयोग, जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांमार्फत.

सदस्याचा राजीनामा कलम २९ प्रमाणे. सदस्याने सरपंचाच्या नावे द्यायचा. सरपंचाला सदस्यत्व सोडायचं असेल तर पंचायत समितीच्या सभापतींच्या नावे. सरपंच (किंवा सभापती) तो सचिवाकडे पाठवतो. सचिव म्हणजे ग्रामसेवक, आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी. सचिवाने तो लगेचच्या पुढच्या मासिक सभेपुढे ठेवायचा. सही माझी नाही, दबाव टाकून घेतली, असं म्हणायचं असेल तर सभेपुढे ठेवल्यापासून सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद न्यायचा. त्यांनी शक्यतो पंधरा दिवसांत निकाल द्यायचा. त्यावर आयुक्तांकडे अपील. वाद नसेल तर सभेपुढे ठेवल्यापासून सात दिवस उलटले की राजीनामा अंमलात येतो.

इथे "मंजुरी" नावाची पायरीच नाही हे लक्षात घ्या. सभेने "राजीनामा नामंजूर" असा ठराव केला तरी त्याला अर्थ नाही. गावोगावी असे ठराव हौसेने होतात आणि इतिवृत्तात छान अक्षरात लिहिलेले सापडतात.

सरपंचाने खिशात ठेवला तर? राजीनामा सभेपुढे आला नाही तर सात दिवस सुरूच होत नाहीत, कागदावर तो सदस्य अजून सदस्यच. म्हणून सरपंचाला देताना तारखेसह पोच घ्यावी, एक प्रत ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत चढवून घ्यावी आणि आवक क्रमांक लिहून ठेवावा. तरीही विषयपत्रिकेवर आला नाही तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार. सरपंच सभाच बोलावत नसेल तर कलम ३६ त्याच्याच अंगाशी येतं. पुरेशा कारणाशिवाय नियमाप्रमाणे सभा न घेणारा सरपंच पदावर राहायला अपात्र ठरू शकतो, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा.

सरपंचपद रिकामं झालं तर आधी बघायचं की सरपंच थेट जनतेतून आलेला की सदस्यांमधून. थेट निवड २०१७ ला आली, २०२० मध्ये रद्द झाली, जुलै २०२२ मध्ये परत आली. जानेवारी २०२१ मध्ये ज्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या त्या मधल्या काळातल्या, तिथले सरपंच सदस्यांनी निवडलेले. अशा ठिकाणी पद रिकामं झालं की सदस्यांचीच सभा बोलावून नवा सरपंच निवडतात, गावाला मतदान नाही. सरपंचपद सोडलेला माणूस सदस्य म्हणून राहतो. थेट सरपंचाचं पद रिकामं झालं तर सगळ्या गावाची पोटनिवडणूक, आणि पद सोडलेल्याकडे वॉर्डाची जागा नसते, तो सरळ घरी जातो. मधल्या काळात उपसरपंच कारभार बघतो.

थेट सरपंचावरचा अविश्वास वेगळा आणि कठीण. मागणीला दोन तृतीयांश सदस्य, ठरावाला तीन चतुर्थांश, आणि मग ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब. पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने ठराव आणताच येत नाही. ग्रामसभेतही मंजूर झाला तरच पद रिकामं.

सदस्यत्व राजीनाम्याशिवायही जातं. सभांना विनापरवानगी सलग सहा महिने गैरहजेरी किंवा चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर वास्तव्य (कलम ४०), निवडणूक खर्चाचा हिशोब वेळेत न देणं (१४-ब), सरकारी जागेवर अतिक्रमण, कर मागणीचं बिल मिळूनही तीन महिन्यांत न भरणं, दोनपेक्षा जास्त अपत्यं. राखीव जागेवरून आलेल्याने ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तरीही जागा जाते. रिकाम्या जागांत हा शेवटचा प्रकार आणि खर्चाचा हिशोब यांचा भरणा मोठा असतो. बिचारे निवडणूक जिंकतात आणि एका अर्जाच्या पाठपुराव्यात हरतात.

निम्म्याहून जास्त सदस्यांनी एकदम राजीनामे दिले तर कलम १४५ प्रमाणे शासन पंचायत विसर्जित करू शकतं. सरपंचाला घालवायला अविश्वासाची मतं जमत नसतील तेव्हा हा डाव टाकला जातो. विसर्जनानंतर सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची हे राज्यघटनेच्या २४३-ई मध्येच आहे. फक्त मूळ मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर ती अट नाही.

---

वऱ्हाडी ठेचा

टेबल नं. ४, एक विचारतो. पोटनिवडणूक लागूनसुद्धा वर्षानुवर्षं रिकाम्या दिसणाऱ्या जागांचं काय? आरक्षण बदलून का घेत नाहीत?

---

तहसील टेबल नं. ४

आरक्षण पाच वर्षांसाठी ठरलेलं असतं, पोटनिवडणुकीत ते बदलत नाही. वॉर्डातली जागा अनुसूचित जमातीच्या महिलेसाठी राखीव आहे आणि तशी पात्र उमेदवार गावात नाही किंवा तिच्याकडे जातीचा दाखला नाही, तर अर्जच येत नाही. पुन्हा कार्यक्रम लागतो, पुन्हा अर्ज नाही. रिक्त जागांची यादी प्रत्येक वेळी खालून वर जाते: ग्रामपंचायतीकडून तहसीलला, तहसीलमधून जिल्हाधिकारी कार्यालयाला, तिथून आयोगाला. आयोग एकेका जागेसाठी वेगळा कार्यक्रम लावत नाही, राज्यभरच्या जागा एकत्र करून लावतो. ग्रामपंचायतीने रिक्त झाल्याचं कळवलंच नाही तर ती जागा यादीत येत नाही आणि पुढच्या खेपेपर्यंत राहून जाते. गावातल्या जागेची निवडणूक का लागली नाही हे शोधायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीचं ते जावक पत्र मागा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत काम होतं.

---

कलमबहाद्दर

विधानसभा-लोकसभेच्या पोटनिवडणुकीच्या दिवसांचं गणित राहिलं. अधिसूचनेनंतर सातव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत माघार, आणि माघारीच्या मुदतीनंतर चौदाव्या दिवसाच्या आधी मतदान नाही. म्हणजे अधिसूचनेपासून मतदानापर्यंत किमान २४ दिवस. कसब्यात ३१ जानेवारीला अधिसूचना, ७ फेब्रुवारीपर्यंत अर्ज, ८ ला छाननी, १० ला माघार. मतदान आधी २७ ला होतं, बारावीच्या परीक्षेमुळे २६ ला घेतलं. ईशान्येकडच्या विधानसभा निवडणुका त्याच सुमारास होत्या, त्यांच्याबरोबर कसबा-चिंचवड उरकलं. आयोगाला अशी जोडी मिळाली की काम झपाट्याने होतं. साताऱ्यात सप्टेंबर २०१९ मध्ये राजीनामा आणि २१ ऑक्टोबरला विधानसभेसोबत मतदान. नांदेडमध्ये वसंत चव्हाण यांचं २६ ऑगस्ट २०२४ ला निधन आणि २० नोव्हेंबरला मतदान, तेही विधानसभेसोबत. निकालात फरक होता १,४५७ मतांचा.

म्हणून कोणत्याही रिकाम्या जागेबद्दल अंदाज बांधायचा असेल तर पुढच्या सहा महिन्यांत देशात कुठे कुठे सार्वत्रिक निवडणुका आहेत ते पाहा. त्यांच्या तारखेला ही जागा जोडली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त.

आचारसंहिता साधारणपणे मतदारसंघ ज्या जिल्ह्यात आहे त्या पूर्ण जिल्ह्याला लागते. पण मतदारसंघ राज्याच्या राजधानीत, महानगरात किंवा महापालिका हद्दीत असला तर फक्त त्या मतदारसंघापुरती. आणि मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी पोटनिवडणुकीलाही आहे, लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम १३५-ब. मतदार कसब्याचा आणि नोकरी हिंजवडीत, तरी ती द्यावी लागते. नोकरी कुठे आहे यावर ती अवलंबून नाही, नाव कुठल्या मतदारयादीत आहे यावर आहे. मनुष्यबळ विभागाला हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं, तेव्हा यादीतल्या नावाची छापील प्रत जोडूनच अर्ज करा.